दगडांचं आळं

आनंदी झोपली की मी बाल्कनीत जाते. समोर धायरीची उरलीसुरली टेकडी, आणि तिच्या अगदी खालच्या उतारावर, गवतात, माझी हबेनारिया. जमिनीत उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. मातीला चिकटलेलं एकच गोल पान, वर वीतभर दांडा, पांढऱ्या कळ्या. पुण्याच्या टेकड्यांवर ही प्रजाती कित्येक वर्षांत कुणी पाहिलेली नाही, असा माझा अंदाज. खात्री फुलाशिवाय होत नाही. फुलामागं मधाची बारीक, लांब नळी असते, तिच्या लांबीवर सगळं ठरतं. माझी अर्धवट राहिलेली पीएचडी त्या नळीत अडकलीय.

परवा तिच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून मी भोवती दगड रचून आले.

आज रविवार, तरी माझा नवरा वरद हिंजवडीला ऑफिसात गेलेला. जाताना तो जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालतो. कुलूप दिसलं की कुणी बेल वाजवत नाही, लेकीची झोप मोडत नाही. प्रेमानं करतो, म्हणून भांडताही येत नाही.

दात येताहेत म्हणून रात्रभर रडलेली आनंदी आत्ता कुठं खांद्यावर निजली होती. बाल्कनीत आले तर समोर सोसायटीचं वृक्षारोपण. सेक्रेटरी यज्ञेश्वरकाका कुदळ घेऊन नेमके माझ्या दगडांपाशी.

"वा! आळं तयारच आहे," ते कुणाला तरी म्हणाले. "सोसायटीत एक तरी माणूस कामाचा निघाला."

खाली धावावं, तर दाराला कुलूप. वरदनं फोन उचलला नाही. ओरडावं, तर ही उठणार. मानेवर तिचा ऊन ऊन श्वास. कुदळ वर गेली.

"काका, थांबा!"

आनंदी किंचाळून उठली. कुदळ खाली आलीच.

"काय झालं?"

"तिथं फूल आहे!"

"होतं." त्यांनी दांडा उचलून दाखवला. "हे गवत? अहो, आम्ही वड लावतोय."

"खाली दोन कंद असतील. सुरकुतलेल्यानं यंदाचं फूल पोसलं. टणक आहे तो पुढच्या वर्षीचा. तो तुटला का बघा ना!"

"पोर रडतंय तुमचं. आधी ते बघा."

"पोर माझ्याजवळ आहे, काका. कंद तुमच्याजवळ आहे."

काका गुडघ्यावर बसले. मग धापा टाकत जिना चढून वर आले आणि जाळीच्या दारातून दांडा आत सरकवला. एक फूल उमललं होतं. आनंदीला कडेवर सावरत मी नळीला मोजपट्टी लावली. नळी फुलाच्या देठापेक्षा कितीतरी लांब होती. तीच प्रजाती होती.

"आणि टणक कंद?"

"दोन बटाटे होते. परत टाकले, वर माती लोटली. वड जरा पलीकडे लावू."

"शाबूत होता?"

"मी काय बटाट्यांचा डॉक्टर आहे?"

ते उतरायला लागले. मी जाळीला तोंड लावून विचारत राहिले, चीर पडली होती का, किती खोल पुरलात. चपला जिन्यात वाजत गेल्या. आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळायचं नाही.

आनंदी रडायची थांबली होती. फूल तिनं मुठीत धरलं होतं, आणि मी तिची चिमुकली बोटं एकेक करून उघडत होते.