पुढच्या सीटची पाठ

नणंदेने गाडीची किल्ली सुनेच्या हातात ठेवताना एकच अट घातली होती. "वहिनी, चार दिवस हवी तिथे फिरव, पण माझ्या सीटना जप हं. अस्सल चामडं आहे. बाबांनी स्वतः हात लावून सांगितलंय."

हे शेवटचं वाक्य घरात इतक्यांदा बोललं जायचं की सुनेच्या अडीच वर्षांच्या ठकूलाही ते पाठ झालं असावं. दोन वर्षांपूर्वी गाडी घ्यायच्या वेळी बाबा, म्हणजे सुनेचे सासरे, दुकानात पुढच्या सीटवर जाऊन बसले, डोळे मिटून घेतले, तळहात एकदा बसायच्या जागेवरून फिरवला आणि म्हणाले, "अस्सल." विकणारा मुलगा काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, त्याला नणंदेने हातानेच गप्प केलं. चाळीस वर्षं चामड्याच्या बॅगा शिवलेल्या माणसाला हा काल मिसरूड फुटलेला काय शिकवणार?

चौथ्या दिवशी दुपारी ठकूने त्या अस्सल चामड्याला जेवू घातलं.

सून डिकीतून सामानाच्या पिशव्या काढत होती, तेवढाच काय तो वेळ. मागच्या सीटवर उभी राहून ठकू स्टीलच्या चमच्याने पुढच्या सीटच्या पाठीला भरवत होती. "आ कर. आ कर ना गं." सीट काही आ करेना, तेव्हा तिने चमचा उलटा धरून दांडीने तोंड उघडून बघितलं. चांगले पाच लांब ओरखडे. दाराच्या प्लास्टिकलाही दोन घास मिळाले होते.

"अगं बये! काय करून ठेवलंस हे?"

"तिने काहीच नाही खाल्लं," ठकूने उलट तक्रार केली.

तीन वाजले होते. पाचला नणंद गाडी न्यायला येणार. सून ठकूला काखेत मारून थेट बाबांच्या खोलीत गेली. सगळं ऐकून बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून तिला क्षणभर रागच आला. कारखाना सुटल्यापासून त्यांच्याकडे कुणी चामड्याचं म्हणून काही आणलंच नव्हतं.

"कुठाय पेशंट?" चष्मा पुसत ते उठलेसुद्धा.

स्वतः घोटून केलेल्या मेणतेलाची डबी, तलम फडकी असा दवाखाना घेऊन ते गाडीत शिरले. "रडवेली होऊ नकोस. चामडं म्हणजे कातडीच शेवटी. भरून येते. तुझ्या नवऱ्याचे लहानपणचे गुडघे बघितले असतेस तर कळलं असतं."

"ते कसे बघणार मी, बाबा?"

"तेच म्हणतो. बघितले असतेस तर त्याचं लग्न राहिलं असतं."

आधी त्यांनी दाराच्या प्लास्टिकला केस वाळवायच्या यंत्राचा वारा दिला, लांबून, हात सतत हलवत. पांढुरके ओरखडे बघता बघता विरले. मग बसायच्या जागेवर नखाची एक जुनी रेघ दिसली, तिच्यावर तेलाचा थेंब टाकून त्यांनी बोटाने घोळवला. तेल मुरलं, रेघ गेली. "बघितलंस? पिते बघ कशी!"

मग ते पाठीकडे वळले. थेंब टाकला. थेंब जागचा हलेना. त्यांनी बोट फिरवलं. तेल नुसतंच पसरलं, चकाकलं, पण आत जायचं नाव नाही. पुसून दुसरा थेंब टाकला. अंगठा दाबून पाहिला. बसायच्या जागेवर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या जमायच्या, इथे एकही नाही. वास घेतला. आणि मग बाबा दाराच्या उंबऱ्यावर, पाय बाहेर सोडून, बसूनच राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तेल जुनं झालंय."

तेच तेल आत्ता तिच्यासमोर मुरलं होतं. तिने पाठीवरून हात फिरवला आणि तिला उमगलं. रेक्झिन! ओरखड्यांचं ओझं एकदम उतरलं आणि त्याच्या दुप्पट भलतंच काहीतरी छातीवर येऊन बसलं. त्या एका 'अस्सल'वर बाबा दोन वर्षं सोफ्यात ताठ बसत होते.

"बसायचं चामडंच आहे," ते हळूच म्हणाले. "हात खोटं नाही बोलला. मीच पाठ बघितली नाही."

"ताईंना कोण सांगतंय? आपण हे ओरखडे घालवू आणि गप्प बसू."

बाबांनी वाऱ्याचं यंत्र पुन्हा उचललं. दोघांनी मिळून रेक्झिनला ऊब दिली, ओल्या फडक्याने दाबलं. तीन ओरखडे गेले. दोन मात्र मांजराच्या मिशांसारखे तसेच राहिले.

पाचला नणंद आली ती सरळ गाडीकडे. मिशा तिला लगेच दिसल्या. तिने ठकूकडे बघितलं, ठकूने आईकडे बोट दाखवलं.

"असू दे," नणंद उसासा टाकून म्हणाली. "चामडंच आहे, बाबा करतील बरं."

सुटका समोर उभी होती. सुनेने बाबांकडे बघून मान हलवली, नका म्हणून.

"रेक्झिन आहे," बाबा म्हणाले. "पाठ रेक्झिन आहे. मी न बघता बोललो होतो. चुकलं माझं."

नणंदेने सीटच्या पाठीवर बोट आपटलं. "म्हणजे दोन वर्षं, दर रविवारी, मी रेक्झिनला चामड्याचं मलम चोळतेय? अहो बाबा, तुमचा जावई पाठ धरून ओरडत असतो, 'माझ्या पाठीला कधी एवढं चोळलंस?' म्हणून!"

सून फिसकन हसली, मग घाबरून गप्प झाली. बाबा खाली मान घालून डबीचं झाकण लावत होते. लागत नव्हतं. नणंदेने ते बघितलं. समोरचा खण उघडून तिने गाडीचं माहितीपुस्तक बाहेर काढलं.

"या इकडे. बसा. डोळे मिटा. परीक्षा आहे."

"आता काय थट्टा करतेस माझी?"

"करणारच. दोन वर्षांची थकबाकी आहे. हात ठेवा. हे काय?"

"चामडं."

"बरोबर. हे?"

"रेक्झिन."

"बरोबर. ही दारावरची गादी?"

"रेक्झिन. आणि शिलाईसुद्धा भिकार."

"शिलाईचे मार्क नाहीत."

बाबांचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. मागचं टेकण, मधला हातटेका, डोक्याची उशी. ठकूही डोळे मिटून सगळ्याला "चामं" म्हणत मागे मागे फिरत होती. शेवटी हात स्टीअरिंगवर आला.

"चामडं," बाबा म्हणाले.

नणंदेने पुस्तकात बघितलं. "चूक. कृत्रिम लिहिलंय."

बाबांनी पुन्हा चाचपलं. अंगठा दाबला, नाक जवळ नेलं, घाई केली नाही. "पुस्तक चुकलंय," ते डोळे न उघडताच म्हणाले.

नणंदेने पुस्तकाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग पर्समधून पेन काढलं, 'कृत्रिम'वर काट मारली आणि वर नीट अक्षरात लिहिलं, चामडं.