आठ औंसांची शाल

सांगलीच्या विश्रामबागेतल्या संयोगिताबाईंच्या मते विणणाऱ्या बायका दोनच प्रकारच्या. एक हिशेबानं विणणाऱ्या, आणि त्यात त्या स्वतः एकट्याच. बाकीच्या सगळ्या दुकानातून हाताला येईल तेवढी लोकर उचलणाऱ्या आणि उरलेल्या गुंड्यांनी कपाटं भरणाऱ्या. असल्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुपही होता. अर्धा सांगलीचा, अर्धा साताऱ्याचा. त्यात रोज कोणी ना कोणी विचारायचं, ‘ताई, किती लोकर लागेल?’ संयोगिताबाई हे वाचून नाक मुरडायच्या आणि तरी ग्रुप सोडायच्या नाहीत. नाक मुरडायला रोज काहीतरी लागतंच.

त्याच ग्रुपवर राजनंदिनीबाई होत्या, म्हणजे संयोगिताबाईंच्या मुलाच्या, राजवर्धनच्या सासूबाई. माहेर उंब्रजचं, घर साताऱ्यात, नवरा फौजेतून निवृत्त. नवऱ्यामागून डोंगरातल्या छावण्यांमधून फिरताना थंडीत दुसरा उद्योग नव्हता म्हणून विणायला शिकलेल्या. ‘छावणीतलं विणकाम,’ असं संयोगिताबाई म्हणायच्या, आणि ते कौतुक नव्हतं.

राजवर्धनची बायको पायल पहिल्या बाळंतपणाला माहेरी साताऱ्याला गेली, आणि ऐन उन्हाळ्यात मुलगी झाली. बातमी आली तशी संयोगिताबाईंनी ट्रंकेतून जुन्या मासिकाचं पिवळं पडलेलं पान काढलं. त्यावर बाळाच्या शालीचा नमुना होता, पानाफुलांच्या जाळीचा. त्यांच्या सासूबाईंनी त्या पानावरून शाल विणली होती आणि राजवर्धनला त्याच शालीत पाळण्यात घातलं होतं. पुढं ती शाल कसरीनं खाल्ली. आता बारशाला नात तशाच शालीत दिसली पाहिजे, आणि ती आपल्या हातची असली पाहिजे. पोर जन्मली विहिणीच्या घरी, रांगणार त्यांच्या अंगणात, पहिली हाक मारणार ती त्या आजीला. ही भीती संयोगिताबाईंना जेवू देत नव्हती. निदान अंगावरची शाल तरी आमची असू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

जन्माआधी बाळाचं काही करून ठेवायचं नाही, ही घरची रीत. त्यामुळं हातात दिवस थोडे. पानावर लिहिलं होतं, ‘लोकर आठ औंस.’ त्यांनी फोनवर औंसांचे ग्रॅम केले, दोनशे सत्तावीस आले. उन्हाळ्यात बाळाला लोकर टोचेल म्हणून त्यांनी सूत घ्यायचं ठरवलं. फिकट पिवळ्या सुताचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे पाच गुंडे आणले. वर तेवीस ग्रॅम उरणारच होते. पानाचा आणि गुंड्यांचा फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘सासूबाईंच्या शालीचा नमुना. हिशेब असा करतात.’

राजनंदिनीबाईंनी लगेच विचारलं, ‘विहीणबाई, लोकरीच्या वजनानं सूत घेतलंय का? आधी वीतभर विणून, वजन करून बघा.’

वीतभर विणून बघायचं! ते नवशिक्यांनी करावं. संयोगिताबाईंनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते नमस्कारासाठी नव्हतं.

शाल सुरेख उतरत होती. जाळी अशी, की बघत राहावं. आणि एक तृतीयांश शाल बाकी असताना पाचवा गुंडा संपला. त्यांनी पिशवी झटकली, सोफ्याखाली पाहिलं, मोलकरणीवर संशय घेतला. दुकानात गेल्या, तर त्या रंगाचा तो लॉट संपलेला. नव्या लॉटचं सूत शेजारी धरलं, तर ते हळदीत बुडवल्यासारखं. दुकानदार म्हणाला, “कोण बघतंय वहिनी एवढं?” आंधळी माणसंही सुताची दुकानं काढतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बारशाच्या दिवशी त्या चांदीचे वाळे, विकतचं झबलं आणि पिशवीच्या तळाशी लपवलेली अर्धवट शाल घेऊन साताऱ्याला पोचल्या. राजनंदिनीबाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि कपाटातून एक शाल काढली. तीच जाळी, तीच पानंफुलं, फिकट पिवळी, चारी काठ पुरे.

“फोटो टाकला व्हता न्हवं तुमी? त्यावरनं विणली. तुमचं सूत कमी पडणार हे मला तवाच कळलं व्हतं.”

संयोगिताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “पण आठ औंसच लिहिलंय तिथं!”

“लोकरीचं लिवलंय. सूत जड असतंय, विहीणबाई. किलोभर चुरमुऱ्यानं पोतं भरतंय, आन् तेल-शेंगदाण्याचं किलोभर भडंग डब्यात बसतंय. सांगलीच्या हाय तुमी, तुमाला भडंग मी सांगायचं?” मग त्यांनी शाल पुढं केली. “धरा. तुमच्या सासूची वीण हाय. तुमीच घाला पोरीच्या अंगावर.”

फेकून द्यावी असं वाटलं. पण बाहेर बायका जमल्या होत्या, पाळणा सजला होता. संयोगिताबाईंनी शाल घेतली.

बाळ पाळण्यात गेलं आणि बायका पाळण्याऐवजी शालीभोवती गोळा झाल्या. “ही सांगलीच्या आजीची शाल व्हय? तुमी विणली?” पायलच्या आत्या बायडाबाई यांनी विचारलं.

“हो,” संयोगिताबाई म्हणाल्या. विचार करायच्या आत म्हणाल्या.

कौतुकाचा पाऊस पडला. ग्रुपवरच्या चौघी-पाचजणी तिथं होत्याच. एकीनं शाल उलटून पाहिली, एकीनं फोटो काढला. मग बायडाबाईंनी विचारलं, “आवं, सूत किती लागलं वो? माझ्या नातसुनेचेबी दिवस भरत आल्यात.”

सगळ्यांचे फोन हातात तयार. संयोगिताबाईंनी घुगऱ्या वाटणाऱ्या राजनंदिनीबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. आता विचारायला जावं, तर मघाचं ‘हो’ खोटं ठरणार.

“आठ औंस,” त्या ठणकावून म्हणाल्या. “म्हणजे पाच गुंडे. वर थोडं उरतंय.”

बायकांनी भराभर लिहून घेतलं. एकीनं तर तिथूनच दुकानाला फोन लावला. राजनंदिनीबाई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन जवळ आल्या. संयोगिताबाईंच्या ओंजळीत भरपूर घुगऱ्या घातल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “व्हय गं बायांनो, अगदी बरोबर. आमच्या विहीणबाईंचा हिशेब कवा चुकत न्हाई.”

मग खाली वाकून हळूच म्हणाल्या, “आता समद्यांचं कमी पडणार. पडू दे. तुमालाच फोन करतील.”

पाळण्यात नात जागी झाली, शालीचं टोक मुठीत धरून तोंडाकडं न्यायला लागली. बायका म्हणाल्या, आजीचा हात ओळखला बघा पोरीनं. संयोगिताबाई ओंजळीत घुगऱ्या धरून हसत उभ्या राहिल्या. एक दाणाही तोंडात टाकता येईना.