नजरेची ओळ

"आईला थोडं खाली बघा म्हणावं," भुजंग शिडीवरून म्हणाला.

"खाली म्हणजे कुठं, मिस्त्री?" आतून नवलकिशोरचा आवाज आला. "आईच्या डोळ्यासमोर नुसतं लाकूड येऊन राह्यलं. भोकं वरती राह्यली."

भुजंग सुतार शिडीवर तसाच थांबला. हातातली पटाशी त्यानं कमरेला खोचली.

जालन्यात, कादराबादच्या मारवाडी गल्लीत जुगलकिशोर शेठच्या माडीला नवी खिडकी बसत होती. शेठ कापसाचे व्यापारी, दिवसभर मोंढ्यात. घरात त्यांची बायको लाडबाई आणि मुलगा नवलकिशोर. लाडबाईंचे गुडघे धरले होते. गादीवरून उठणं बंद झालं होतं. माडीची जुनी खिडकी उभ्या माणसासाठी होती, तिचा आता त्यांना काही उपयोग नव्हता. गल्लीत बैलगाडी वाजली तरी कुणाची ते दुसऱ्याला विचारावं लागायचं. म्हणून शेठनं भिंत फोडून खिडकी खाली आणवली, पार माडीच्या जमिनीपर्यंत. वर दोन झडपा, खाली सागवानी जाळी.

जाळीवर वेलपत्ती कोरलेली असते, पण ती सगळी बंद. उघडी असते फक्त भोकांची एक आडवी ओळ. ही भोकं आतून पसरट आणि बाहेरून बारीक करायची. आत बसलेल्या बाईला सगळी गल्ली दिसते आणि गल्लीतून बघणाऱ्याला नुसता अंधार. जालन्यातल्या घरांतून त्या ओळीला नजरेची ओळ म्हणत. ती बाईच्या डोळ्यासमोरच यायला पाहिजे. दोन बोटं वर गेली की जाळी फुकट.

ही ओळ कुठं पाडायची ते भुजंग फुटपट्टीनं ठरवत नसे. त्याच्या बापानंही ठरवलं नव्हतं. जी बाई त्या खिडकीशी बसणार, तिचंच माप घ्यायचं. आता पडद्यातल्या बायकांचं माप सुतार कसं घेणार? म्हणून ते काम सुताराच्या बायकोचं. भुजंगाची बायको नंदाबाई सुतळी घेऊन थेट माजघरात जायची. बाईला रोजच्या जागी, रोजच्या गादीवर बसवायची. सुतळीचं एक टोक जमिनीला लावायचं, दुसरं वर ताणायचं आणि डोळ्याच्या रेषेत गाठ मारायची. घरी येऊन सुतळी भुजंगाच्या हातात दिली की तो पुन्हा काही विचारत नसे. गाठ म्हणजे गाठ. सबंध संसारात ती कधी चुकली नव्हती.

भुजंगानं बाहेरून ओळीला डोळा लावला. खिडकी बसवताना तो असं नेहमी बघायचा आणि नेहमी काहीच दिसायचं नाही.

आज दिसलं. मधल्या भोकात काहीतरी पिवळं चमकत होतं. ते जरा डावीकडं सरकलं, पुन्हा मधे आलं. लाडबाई आतून जाळीला अगदी टेकून, मान वर करकरून बघायची धडपड करत होत्या. आणि भोकाला टेकलं होतं त्यांचं बोर. मारवाडी सवाष्णी भांगाच्या टोकाला, कपाळावर बांधतात ते सोन्याचं बोर, खऱ्या बोराएवढं.

भुजंगानं डोळा काढला.

नंदाबाईनं गाठ डोळ्यावर मारली नव्हती. बोरावर मारली होती.

शिडी उतरता उतरता त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. ती हल्ली तांदूळ सुपात न निवडता तळहातावर घेऊन निवडते. परवा तो दारात उभा असताना तिनं "कोण?" म्हणून विचारलं होतं आणि तो उलट तिच्यावरच खेकसला होता. शेजारची पुष्पाबाई आली तरी तिचा आवाज ऐकेपर्यंत नंदाबाई तिला हाक मारत नाही. लाकडाच्या खुंट्या तासायला पूर्वी अंगणात उन्हाला बसायची, आता पडवीत कुठंही बसते.

नवलकिशोर खाली आला. पंचविशीतला पोरगा, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हता.

"तुमच्या बाईनं माप चुकवलं का, काका?"

"माप बराबर व्हतं."

"मंग?"

"भोकं मीच वर पाडली. गाठ धरली एका हातानं, खूण केली दुसरीकडंच. झालं."

"तुम्ही?" नवलकिशोर हसला. "तहसील कचेरीच्या सगळ्या खिडक्या तुमच्या. माझ्या बहिणीच्या सासरी, जाफराबादला, दोन जाळ्या करायच्यात. मी त्यांना तुमचं नाव सांगून बसलो. बाईचं काही असंल तर दुसरी कोणी पाठवा, त्यात काय लाजायचं."

"बाईचं काही न्हाई म्हटलं ना, शेठ. नवी जाळी करून देतो. ही मी घेऊन जातो."

वरून लाडबाईंचा आवाज आला. परक्या पुरुषाशी त्या थेट बोलत नसत. बोलायच्या मुलाशी, पण भुजंगाला ऐकू जाईल असं. "नवल, उनको बोल, जल्दी करना. भिंताडाला भोक पडलंय, त्यातून गल्लीच मला बघून राह्यली."

भुजंगानं चौकटीतून जाळी सोडवली, गोणपाटात गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि कुंडलिका नदीच्या पुलावरून जुन्या जालन्यातल्या आपल्या घरी निघाला.

चूक सांगितली तर काय होईल, ते त्याला पक्कं माहीत होतं. कोणी नंदाबाईला दोष देणार नाही. हळहळतील. आणि पुढच्या वेळी म्हणतील, नंदाबाईला कशाला त्रास. ती शहागडची. लग्न होऊन आली तेव्हा गोदेकाठची ही पोर या गावात कुणालाच ओळखत नव्हती. सुतळीनं तिला घरं दाखवली. ब्राह्मणांची, मारवाड्यांची, देशमुखांची माजघरं. कुठं कोणती सून रुसली, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या हातची कढी बेचव, सगळं ती घेऊन यायची आणि रात्रीच्या भाकरीबरोबर भुजंगाला ऐकवायची. ती सुतळी काढून घेतली तर बाई पडवीत बसून राहील. बस, एवढंच होईल.

पडवी हेच त्याचं कामाचं ठिकाण. एका अंगाला रेल्वेनं आलेलं आदिलाबादचं सागवान, एका अंगाला रंधे, करवती, मधे भुश्शाचा ढीग. नंदाबाई खुंट्या तासत बसली होती.

"परत कामून आणली?" तिनं विचारलं. गोणपाट अजून सोडलंही नव्हतं. पावलांच्या वजनावरून तिनं ओळखलं असणार.

"लाकूड ऐठलं, पीळ पडला."

"सागवान?"

"ऐठतं कधी कधी."

 तिचा चाकू थोडा वेळ थांबला आणि पुन्हा चालू झाला.

भुजंगानं नवी फळी घेतली. रंधून सपाट केली. वेल आखली, पानं कोरली, कडेला नक्षीची गोट काढली. काम हाताखाली असलं की त्याला बरं वाटायचं. पण फळीचा मधला पट्टा त्यानं कोराच ठेवला. गिरमिट उचलायचा आणि खाली ठेवायचा. स्वतःच्या कपाळावर बोटं ठेवून बोर ते डोळा अंतर त्यानं मोजूनही पाहिलं. पण त्याचं कपाळ म्हणजे लाडबाईंचं कपाळ नव्हे. आणि बोर कुणी वर बांधतं, कुणी खाली. अंदाजानं भोकं पाडायची म्हणजे दुसरी फळी वाया घालवायची. दुसऱ्या कुणा बाईला पाठवायचं तर मग शेठच्या पोराशी खोटं बोललो कशाला?

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी पुष्पाबाई पीठ उसनं न्यायला आली आणि पडवीच्या उंबऱ्यावरच टेकली.

"नंदे, तुझ्या मालकाचं आंग बरं हाय ना?"

"का गं?"

"न्हाई, बाजारात बोलून राह्यलेत. भुजंग सुताराचा हात गेला म्हणं. शेठच्या घरची जाळी वरखाली केली. त्यानंच कबूल केलं म्हणं. जाफराबादवाल्यांनी दुसरा सुतार बघितला."

भुजंग समोरच होता. "पीठ घेतलं ना, पुष्पाबाई?"

"घेतलं की."

"मंग पोळ्या लाटा जाऊन."

पुष्पाबाई पदर सावरत गेली. नंदाबाई उठली. भिंतीला हात लावत फळीपाशी आली आणि खाली बसून तिनं फळीवर तळवा ठेवला. वरून खाली आणला. वेल, पानं, गोट. मधल्या कोऱ्या पट्ट्यावर तळवा थांबला. ती जागा तिनं दोनदा चाचपली.

"भोकांची वळ पाडली न्हाई."

"पाडतो."

"कशावरून पाडता? सुतळी तर खुंटीला हाय." तिनं हात मांडीवर घेतला. "गाठ चुकली का माझी?"

भुजंग पटाशीला धार लावायला लागला. धार होतीच.

"कुठं आल्ती?"

"बोरावर," तो म्हणाला.

तिनं फळीवरचा भुस्सा झटकला. मग म्हणाली, "खोलीत अंधार व्हता. लाडबाईच्या सगळ्या तोंडात तेवढंच चमकत व्हतं. मला वाटलं डोळा."

"कधीपासून?"

"आंब्याच्या दिवसांपासून. आधी धुकं व्हतं. मंग धुकं गेलंच न्हाई."

"सांगायचं की मला."

"तुमी कुठं सांगितलं मला? हात गेला म्हणून गावभर नाव करून आला. लाकूड ऐठलं म्हणं. मी काय कालची सुतारीण हाय?"

 ती उठली, खुंटीवरची सुतळी चाचपून काढली, बोरावरची गाठ नखांनी सोडवली आणि सुतळी ओली करून ताणून ठेवली.

"उद्या मला परत न्या तिकडं."

"त्यायला काय सांगू?"

"तुमी काहीच सांगू नका. तुमचं सांगणं बघितलं मी."

दुसऱ्या दिवशी ती लाडबाईंकडं वर गेली. जिन्यापर्यंत भुजंग बरोबर होता. पुढं तिनं कठड्याला हात लावला आणि एकेक पायरी चढत गेली. भुजंग खाली ओट्यावर बसला. नवलकिशोरनं त्याला पाणी दिलं.

"पुन्हा माप कशाला, काका? तुम्ही तर म्हणलात माप बराबर व्हतं."

"एकदा बघितलेलं बरं."

वर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग नंदाबाईचा आवाज, हळू. मग पुन्हा काही नाही. भुजंग पाण्याचा तांब्या हातात धरून बसला. त्याला वाटलं, आता लाडबाई मुलाला हाक मारणार आणि सगळं गावभर होणार. मग वरून हसणं ऐकू आलं. आधी एका बाईचं, मग दोघींचं. एवढं हसणं त्या माडीवरून कितीतरी दिवसांत आलं नसावं, कारण नवलकिशोरही वर बघायला लागला.

नंदाबाई खाली आली तेव्हा सुतळीला गाठ होती.

पूल ओलांडेपर्यंत भुजंगानं विचारलं नाही. मग विचारलं, "हसत कामून व्हता?"

"मी त्यायला म्हणलं, बाई, मला दिसत न्हाई. तुमच्या तोंडाला हात लावू द्या. त्या म्हणल्या, लाव, शेठनं लावला त्याला जमाना झाला."

"आन् मंग?"

"मंग पापणीवर आंगठा ठेवला, त्याच्या बराबरीत गाठ मारली. त्यायनी विचारलं, तुझ्या नवऱ्याला माहीत हाय का? म्हणलं, कालपासून हाय. त्या म्हणल्या, माझे गुडघे गेले तेव्हा मी पण शेठला नवरात्र होईपर्यंत सांगितलं नव्हतं. उपासाचं नाव करून बसूनच राह्यले." सुतळीची गाठ तिनं चाचपली. "कुणाला बोलणार न्हाईत म्हणल्या. पण जाळी जल्दी पाह्यजे."

ओळ पाडायला भुजंगाला अर्धा दिवसही लागला नाही. गिरमिटानं भोकं पाडली, कानशीनं आतून पसरट केली. नंदाबाईनं प्रत्येक भोकात करंगळी घालून बघितली आणि एक परत घासायला लावलं.

जाळी बसवायला या वेळी दोघंही गेली. भुजंग शिडीवर, नंदाबाई खाली गल्लीत, शिडीला हात लावून उभी. चौकटीत जाळी घट्ट बसली, खुंट्या ठोकल्या. आत लाडबाई गादी सरकवून जाळीला टेकल्या, त्याचा आवाज आला. 

भुजंगानं ओळीला डोळा लावला.

"काय दिसून राह्यलं?" नंदाबाईनं खालून विचारलं.

"काहीच न्हाई."

"मंग बराबर बसली."

आतून लाडबाई कुणाला उद्देशून नव्हे अशा बोलायला लागल्या. दाणेवाल्याची गाडी आली. त्याचा बैल बदललेला दिसतो. समोरची सून बिनचपलेची उन्हात उभी आहे, तिला कोणी आत घ्या.

नवलकिशोरनं जाफराबादचा विषय काढला नाही. भुजंगानंही काढला नाही. ते काम दुसऱ्या सुताराकडं गेलं ते गेलंच. त्या पावसाळ्यात भुजंगाकडं फारसं काम आलं नाही. हात गेलेल्या सुताराकडं लोक बैलगाडीच्या दांड्या तेवढ्या देतात.

जाळी बसवली त्या दिवशी मात्र दोघं उन्हं कलताना परत निघाली. भुजंग पुढं आणि नंदाबाई मागं, असंच ती दोघं नेहमी चालत आली होती. पुलाच्या तोंडाशी गाड्यांची गर्दी होती. नंदाबाईचं पाऊल अडखळलं. बायकोचा हात धरून गावातून चालायची रीत नव्हती. भुजंगानं खिशातून सुतळी काढली, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात ठेवलं आणि चालायला लागला. सुतळी दोघांमध्ये ताणली गेली, मधे ती गाठ.

पुलापलीकडच्या वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकासाहेबांनी तपकीर ओढता ओढता बघितलं.

"काय रे भुजंगा, सडकेला खिडकी बसवतो का?"

"माप घेऊन राह्यलो, काकासाहेब," भुजंग म्हणाला आणि पुढं दगड आला तशी त्यानं सुतळी जरा वर उचलली.