शेडवाली

योगिता सावेच्या कंपनीची नऊ देशांत ऑफिसं होती, पण बोर्डीत तिला सगळे शेडवालीच म्हणत. मस्कतमध्ये तिने गोदामं बांधली होती, नैरोबीत हॉस्पिटल बांधलं होतं, आणि तिच्या सिंगापूरच्या ऑफिसने तर कुठल्याशा बेटावर विमानतळ उभा केला होता. त्या विमानतळाचं कौतुक सांगायला गेलं की गाव विचारी, म्हणजे मोठी शेडच ना? आणि खरं बोलायचं तर गावाचं फारसं चुकत नव्हतं.

सुरुवात शेडनेच झाली होती. नवी कोरी इंजिनिअर होऊन योगिता घरी आली, तेव्हा दौलतभाऊंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चिकू निवडायला आणि खोक्यांत भरायला वाडीत एक शेड बांधायचं काम तिला दिलं. तिने ती मोठ्या ऐटीत बांधली. जुलैत ती गळली आणि निवडून ठेवलेला सगळा माल भिजून सडला. दौलतभाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. पाणी टपकत होतं नेमकं तिथे त्यांनी खुर्ची ठेवली, धाकल्या लेकीच्या हातात कोरडा पेपर दिला आणि सांगितलं, "बस. पेपर कोरडा राहील तेव्हा ऊठ." मग ते निवांत जेवायला गेले.

त्या खुर्चीने कंपनी घडवली. त्यानंतर सुरुवातीची काही वर्षं योगिताने बांधलेल्या प्रत्येक छपराखाली ती स्वतः भर पावसात हातात पेपर घेऊन उभी राहिली. तलासरीत तिने कोंबड्यांच्या शेडी बांधल्या, तेव्हा पोल्ट्रीवाले शेटही येऊन बघत की ही बाई कोंबड्यांच्या गर्दीत पेपर घेऊन काय करते. शेडी गळल्या नाहीत. एका शेटच्या मेहुण्याचा मस्कतला धंदा होता, त्याला गोदाम हवं होतं. मसोलीत हार्डवेअरच्या दुकानावर एका खोलीत चालणारी कंपनी अशी कोंबड्यांच्या वशिल्याने परदेशात गेली. मस्कतला पाऊस कुठला पडायला? मग पाण्याचा टँकर मागवून छपरावर फवारा मारला आणि योगिता खाली उभी राहिली. तिथल्या लोकांनी तिला वेडी ठरवलं, पण दुसरं गोदामही तिलाच दिलं.

कंपनी वाढली तसा नियमही मोठा झाला. त्याला 'रेन साइन-ऑफ' असं भारदस्त नाव मिळालं, त्याचं प्रशिक्षण सुरू झालं, दरवर्षी त्यावर कोणीतरी भाषण ठोकू लागलं. पुढे सिंगापूरच्या ऑफिसने पाऊस कॉम्प्युटरवरच पाडायला सुरुवात केली. पडद्यावर एक करडा माणूस उभा असे, त्याच्या डोक्यावर निळे ठिपके पडत आणि तो कोरडा राहिला की सगळे टाळ्या वाजवत. छपराखाली खरोखर उभं राहणारं माणूस आता कंपनीत शोधूनही सापडलं नसतं, मालकिणीसकट.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट योगिताला मिळाली नव्हती. दौलतभाऊंनी तिच्या कुठल्याच कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. लंडनमध्ये बक्षीस मिळालं तेव्हा ती काचेचा तो जड ठोकळा घेऊन थेट बोर्डीला आली. भाऊंनी तो हातात तोलून पाहिला, दार आपटू नये म्हणून उटी लावायला बरा आहे म्हणाले आणि लावलाही. पन्नाशी उलटलेल्या, चारशे माणसं हाताखाली असलेल्या बाईला याचं अजून वाईट वाटत होतं. आणि अजून वाईट वाटतं, याचं तिला आणखी वाईट वाटत होतं.

म्हणूनच गेल्या वर्षी पंचायतीने तिला गावचं पहिलं काम दिलं तेव्हा तिने विचारही न करता हो म्हटलं. काम होतं स्मशानातल्या शेडचं. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांमागे जुनी शेड होती, पण तिचे सिमेंटचे पत्रे केव्हाच फुटले होते. पावसाळ्यात कोणी गेलं की निम्मे लोक ताडपत्री धरून उभे राहत आणि उरलेले आळीपाळीने डिझेल ओतत. सुतक घरच्यांना आणि सर्दी अख्ख्या गावाला, असा हिशेब होता.

काम सिंगापूरला गेलं. तिथला प्रमुख मनिष मूळचा जवळच्याच सरावलीचा, त्यामुळे त्याने जास्तच मनावर घेतलं. समोर समुद्र, मावळता सूर्य! त्याने पश्चिमेकडचं छप्पर उंच उचललं. त्याखालून सूर्यास्त दिसणार होता आणि धूरही बाहेर जाणार होता. पडद्यावरच्या करड्या माणसाच्या अंगावर ठिपका पडला नाही. योगिताने दुबईच्या विमानतळावर, एका हातात कॉफी धरून, फोनवरच मंजुरी दिली.

एप्रिलात शेड उभी राहिली आणि उद्घाटनाचा घोळ सुरू झाला. फीत कापायला कोणी पुढारी मिळेना; त्या शेडीखाली फोटो काढून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दौलतभाऊंनी बसथांब्यावर जाहीर केलं की उद्घाटन ते स्वतः करणार, रीतसर, आडवं होऊन. त्यांचे शेजारी काशिनाथ राऊत त्यांच्याहून वर्षाने मोठे. दोघांचं शाळेपासून पटत नव्हतं आणि एकमेकांवाचून चालतही नव्हतं. काशिनाथरावांनी हरकत घेतली की मान वयाने मोठ्या माणसाचा.

मग भाऊंनी लेकीला फोन केला. छपराखाली कोण उभं राहिलं, एवढंच विचारलं. योगिताने करड्या माणसाचं सांगितलं. 

"जो मरणार नाही त्याला काय विचारतेस?" ते म्हणाले. "टँकर घेऊन ये."

ती आली. टँकर डहाणू रोडहून आला. वाडीतल्या तुक्याला भाऊंनी पाइप देऊन समुद्राच्या बाजूला उभं केलं, कारण आमच्याकडे पाऊस तिकडूनच येतो आणि आडवा येतो. स्वतः प्लास्टिकची खुर्ची चितेच्या चौथऱ्याला लावून पेपर उघडून बसले. गाव जमलं होतंच. तुक्याने पंप सुरू केला, पाणी उंच उचललेल्या छपराखालून सरळ आत शिरलं आणि भाऊ टोपीपासून चपलेपर्यंत भिजले. पेपरचा लगदा झाला. काशिनाथराव इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं.

योगिताने तिथूनच मनिषला व्हिडिओवर घेतलं. त्याने वर्षभराच्या वाऱ्याची सरासरी सांगितली. आणि पश्चिम बाजू सूर्यास्तासाठी मुद्दामच उघडी ठेवली होती, असंही म्हणाला.

"सूर्यास्त बघायला मेलेला उठून बसणार काय?" भाऊंनी फोनकडे बघून विचारलं, आणि उठून ओली खुर्ची लेकीच्या पुढे सरकवली.

सगळं गाव बघत होतं. योगिताला लाज वाटली, राग आला, आणि मनिषपेक्षा स्वतःचाच जास्त आला, कारण त्या नकाशावर बोट ठेवून मोठा करून बघायलाही ती थांबली नव्हती. ती खुर्चीत बसली. तुक्याला म्हणाली, "मार पाणी." मग पाणी कुठून येतं, किती येतं, वाशावरून कसं वळतं, ते भिजत बघत राहिली. किती वर्षांनी तिला आपण काहीतरी काम करतोय असं वाटलं, आणि नाकातोंडात पाणी जात असतानाही ती मनापासून खूश होती.

ती परत गेली नाही. माजघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून नऊ देश बोर्डीतून चालवू लागली. घरकाम बघणारी बायजा मीटिंगमध्येच येऊन विचारी, भाकरी टाकू का, आणि नैरोबीची माणसंही तेवढ्यापुरती गप्प बसत. नवा नकाशा योगिताने लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने काढला. पश्चिमेचं छप्पर खाली उतरवलं, धुरासाठी माथ्यावर लांब फट ठेवली आणि फटीवर टोपी घातली. भाऊंनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, हे तर तलासरीतलं कोंबड्यांचं छप्पर. तिने कबूल केलं. पुन्हा टँकर आला, पुन्हा ती बसली, आणि पेपर कोरडा राहिला. भाऊ तरीही एवढंच म्हणाले की टँकर म्हणजे पाऊस नव्हे.

जुलैत काशिनाथराव गेले. झोपेतच गेले, आणि बाहेर असा पाऊस की समोरची वाडी दिसेना. भाऊंनी मग काठी घेतली आणि म्हणाले, "शाळेपासून माझ्यापुढे नंबर लावायची सवय त्याला."  कोणी नको म्हणण्याआधी ते छत्री उघडून निघाले.

योगिता घरीच राहिली. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. शेड बांधली म्हणून रीत बदलत नाही. लॅपटॉपवर चार ऑफिसं काहीतरी बोलत होती. तिने त्यांचा आवाज बंद केला आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसली. तीस वर्षांत तिची शेकडो छपरं उभी राहिली होती आणि आता तिचा जीव एका चौथऱ्याएवढ्या जागेत अडकला होता. तिथे लाकडं भिजली, डिझेलचा डबा निघाला, तर भाऊंच्या तोंडाकडे ती कधीच बघू शकली नसती.

भाऊ अंधारायच्या सुमारास परतले. स्मशानातून आलेल्या माणसाला आंघोळीआधी विचारायचं तरी काय आणि कसं? ते अंगणातूनच मागे न्हाणीकडे वळले. बायजाने कढत पाणी ठेवलं होतं. त्यांनी एवढी सावकाश आंघोळ केली की योगिता दोनदा न्हाणीच्या दारापर्यंत जाऊन आली.

शेवटी धुतलेला सदरा घालून ते ओटीवर येऊन बसले. चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"काशिनाथ कोरडा गेला," ते म्हणाले. "एक थेंब पडला नाही त्याच्यावर. धूर सरळ वर गेला. चांगलं केलंस गो, धाकले."

योगिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिने पुसलंही नाही. भाऊ दुसरीकडे बघत होते. दाराला लावलेला काचेचा ठोकळा त्यांनी काठीने उगाच जरा सरळ केला.

"माझ्या वेळेला तू यायचं," ते म्हणाले. "बायका येत नाहीत म्हणून अडवतील. त्यांना सांग, मी शेडवाली आहे, छप्पर बघायला आले."

"आणि पेपर?" तिने विचारलं.

"तो तर आणायचाच," दौलतभाऊ म्हणाले, आणि बायजाला आणखी एक चहा टाकायला सांगितला.