बिनफ्लॅशचं लग्न

मे महिना सरत आला तेव्हा शंभुलिंगचं अंग लग्नांनी आंबून गेलं होतं. मुरुमच्या बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. पूर्वी लोक फोटो काढून घ्यायला त्याच्याकडे यायचे. आता तोच कॅमेरे, दिवे नि उजेड पसरवायच्या छत्र्या गाडीत टाकून लोकांच्या मागं हिंडत होता. गुडघे कुरकुरत होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. सनईची कॅसेट कुठंही वाजली की त्याची भूकच मरायची. सीझनचं शेवटचं लग्न उरकावं आणि पंखा लावून पालथं पडावं, यापलीकडं त्याला काही सुचत नव्हतं.

अशात एका दुपारी धुळाप्पा आणि सिताबाई दुकानात आले. धुळाप्पा मुरुमला बँकेत शिपाई होता तेव्हा ही मंडळी शंभुलिंगच्याच गल्लीत राहायची. निवृत्त झाल्यावर तो भूमकडं, आपल्या ईट गावी परतला आणि भावाच्या मेंढरांत रमला. त्याच्या मुलीचं, मोनिकाचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा कुमार, ढोकीच्या साखर कारखान्यात नोकरीला.

"अण्णा, फोटू तुमीच काढायचे," धुळाप्पा म्हणाला.

"ईट लई लांब पडतं रे. तिकडं भूमला पोरं हायत की चांगली."

"इचारलं. न्हाय म्हनले."

"का?"

धुळाप्पानं बायकोकडं पाहिलं. सिताबाईनं पदर सावरला आणि आवाज खाली आणला. "फ्लॅश मारायचा न्हाई अण्णा. एक बी न्हाई. मोनिकाला फिट येती. लुकलुकता उजेड डोळ्यावर आला की तिला काय बी कळत न्हाई. सोलापूरच्या डाक्टरच्या गोळ्या चालू हायत, पन त्यांनी बजावून सांगितलंय, असल्या उजेडापासून लांब ऱ्हा म्हून. आन् लगीन गोरजाचं."

गोरज मुहूर्त म्हणजे दिवस मावळताना. मांडवाखाली तेव्हा अंधारूनच आलेलं असतं.

"अजून एक," सिताबाई म्हणाली. "पोराकडच्यांना ठावं न्हाई हे. कुनी इचारलं तर तुमीच सांगा, आमची पद्धतच अशी हाय."

शंभुलिंगला हे आवडलं नाही. एक तर न जमणारं काम, वर खोटं बोलण्याचा भार. पण गिरिजाबाई, त्याची बायको, टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती तेव्हा याच सिताबाईनं त्यांच्या चुलीवर भाकरी थापल्या होत्या. नकार जिभेपर्यंत आला आणि तिथंच विरला. "बघतो," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की आपण अडकलो.

कपाटाच्या तळाशी एका मोज्यात गुंडाळलेली लेन्स होती. पन्नास एमएमची, एफ एक पॉइंट दोन. सोलापूरच्या एका म्हाताऱ्या प्रेस फोटोग्राफरकडून त्यानं ती तरुणपणी घेतली होती. बाहेरून पेल्याएवढी, पण हातात घेतली की वजन कळायचं. आत नुसती काचच काच. तिचं भोक इतकं मोठं उघडायचं की दिवेलागणीच्या उजेडातही फोटो निघायचा. फक्त फोकस हातानं करायचा, तोही जिवावर उदार होऊन, कारण पूर्ण उघडल्यावर ती नेमकी बोटभर जागा धरायची. डोळा धरला तर कान सुटला.

रात्रीची वाट न बघता त्यानं संध्याकाळीच स्वयंपाकघरातला दिवा घालवला, गिरिजाबाईला खिडकीपाशी डाळ निवडायला बसवलं आणि लेन्स एकेका कॅमेऱ्याला लावून बघायला लागला.

आधी जुना रिळाचा कॅमेरा. लेन्स त्याचीच, त्यामुळं टकदिशी बसली. आत बघताना मधोमध गोल, त्या गोलाचे दोन अर्धे. गिरिजाबाईचा डोळा दोन्ही अर्ध्यांत जुळला की फोकस बरोबर. किती वर्षांनी त्यानं ते बघितलं! पण आता रिळं मिळवायची कुठून आणि धुवायची कुणी? त्यानं तो तसाच बाजूला ठेवला.

मग पहिला डिजिटल कॅमेरा. याला लेन्स थेट बसत नव्हती, मधे एक पातळ कडी घालावी लागायची. आतून सगळं लख्ख दिसलं, त्यानं भराभर फोटो काढले, आणि मागच्या पडद्यावर मोठे करून बघितले तर एकाही फोटोत डोळा धड नव्हता. हे दुखणं जुनंच होतं. या कॅमेऱ्यात डोळा लावून बघायचं भिंग ऑटोफोकसच्या हिशेबानं केलेलं. ते डोळ्याला खोटी खात्री द्यायचं. म्हणूनच ही लेन्स इतकी वर्षं मोज्यात पडून होती. शिवाय त्याचा सेन्सर लहान, त्यामुळं चित्र आवळून यायचं. गिरिजाबाई अख्खी दिसायला त्याला पार न्हाणीच्या दारापर्यंत मागं सरावं लागलं.

शेवटी नवा, बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस. मुलगी शिवप्रिया पुण्यात नोकरीला, तिनं हट्टानं घ्यायला लावलेला. याला जाड कडी लागली. त्यानं लेन्सचं कडं फिरवलं, आणि गिरिजाबाईच्या चेहऱ्यावरून लाल रेषा सरकत गेल्या. जे फोकसमध्ये येईल त्याच्या कडा कॅमेरा लाल करत होता: आधी नथ, मग गाल, मग पापण्या. एक बटण दाबलं की तेवढाच डोळा पडदाभर मोठा दिसायचा.

"अहो, किती वेळ? डाळ संपली," गिरिजाबाई म्हणाली. "आता कुंकू बी दिसंना मला."

"मला दिसतंय," शंभुलिंग म्हणाला.

पण डोळा दुखायला लागला होता. इतक्या बारकाईनं तासन् तास बघायचं आपल्याच्यानं होईल का, याची त्याला खात्री नव्हती.

लग्नाच्या दिवशी तो सकाळीच ईटला पोचला. उन्हानं रस्ता उकळत होता आणि गाडीतून उतरताना त्याचे पाय लाकडासारखे झाले होते. हळदीचे फोटो अंगणात, उघड्या उजेडात, साध्या लेन्सनं निघाले. मग सराव म्हणून त्यानं मोनिकाला गोठ्याच्या सावलीत उभं केलं आणि पन्नासची लेन्स चढवली. मोनिका अंगानं शेलाटी, बोलायला मोकळी. कॅमेरा वर उचलला की मात्र तिची मान आपसूक वळायची.

"इकडं बघ पोरी. यात उजेड न्हाय कसला."

"सवय हाय काका. आपोआप होतं."

त्यानं कडं फिरवत फिरवत हळूच विचारलं, "कुमारला सांगितलंस का न्हाय?"

"पहिल्या फोनलाच सांगितलं. म्हनले, गोळ्या वेळेवर घे म्हंजे झालं. पन आईला वाटतंय कुनालाच ठावं न्हाई, आन् त्यांना वाटतंय त्यांच्या घरच्यांना कळलं तर लगीन मोडतील. आमी दोघं गप बसलोय."

शंभुलिंगच्या पाठीवरचं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं दुपारी वऱ्हाडाबरोबर आलं. कुमारचा मामा, रणधीर, मोठ्या आवाजाचा माणूस. भाच्याच्या वरातीला म्हणून त्यानं स्वतः ढोकीहून टेम्पो आणला होता, डीजेचा, वर गरगर फिरणारे रंगीत दिवे लावलेला. शंभुलिंगच्या गळ्यातला एकुलता कॅमेरा बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"फोटोग्राफर, तुमची छत्री-बित्री कुठंय?"

"मी तसेच काढतो फोटो. नैसर्गिक उजेडात."

"अंधारात?" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं हसला. "धुळाप्पा पाव्हणं, सस्तातला माणूस धरला जनू!"

शंभुलिंगनं ऐकून घेतलं. हे असलं त्याला नवीन नव्हतं. त्यानं टेम्पोवाल्याला मात्र गाठून सांगितलं की वरात निघेपर्यंत दिवे लावू नको. टेम्पोवाल्यानं हो म्हणून मान हलवली.

दिवस कलला. वधूवर पाटावर उभे राहिले, मधे अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. मांडवात पिवळ्या बल्बांचा मंद उजेड होता. शंभुलिंग गुडघ्यावर बसला आणि बाहेरचं सगळं विसरला. लाल रेषा मुंडावळ्यांवरून डोळ्यांवर यायच्या, तो श्वास धरून बटण दाबायचा, मोनिका बोटभर हलायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. काही वेळानं कडं फिरवायचं सोडून त्यानं नुसतं अंगच पुढंमागं झुलवायला सुरुवात केली. ते सोपं पडत होतं. घाम पापणीवरून काचेवर टपकत होता.

अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. मोनिकानं कुमारकडं बघितलं. तिचा डोळा शंभुलिंगच्या पुढं पडदाभर उभा होता, ओला, स्वच्छ.

आणि त्यावर निळा उजेड फिरला. मग लाल, मग पांढरा.

रणधीर मामानं हौसेनं हात वर केला होता आणि टेम्पोवाल्यानं सगळे दिवे एकदम सोडले होते. मांडवात टाळ्या पडल्या. शंभुलिंगला मात्र टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. पापणी फडफडताना त्याला दिसली, बुबुळ वर सरकताना दिसलं. त्यानं कॅमेरा गळ्यात सोडून दिला, भटजीच्या हातातला अंतरपाट हिसकला आणि मोनिकाच्या तोंडावर टाकून तिला दोन्ही हातांनी खाली बसवलं.

मांडवात एकच गलका झाला. "अरे, काय करतोय ह्यो?" "आत्ताच निघालेला अंतरपाट!" रणधीर मामानं येऊन शंभुलिंगची कॉलर धरली. शंभुलिंगनं हात सोडले नाहीत. "दिवे बंद करा," तो एवढंच म्हणत राहिला. "आधी ते दिवे बंद करा."

"बंद कर रे!" ही हाक कुमारची होती. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पाटावरून उतरून टेम्पोकडं धावत गेला आणि त्यानं वायरच उपसली.

मांडव पुन्हा पिवळा झाला. कापडाखाली मोनिकाचे हात थरथरत होते, बोटं वळल्यासारखी झाली होती. सिताबाई तिच्याजवळ बसून नुसतं तिचं नाव घेत होती. हळूहळू बोटं सैल झाली आणि आतून आवाज आला, "आई, पानी दे."

"मामा, तिला असल्या उजेडाचा त्रास हाय," कुमार सगळ्यांदेखत म्हणाला. "मला माहीत होतं. तिनं आधीच सांगितलंय. म्या घरात सांगितलं न्हाई, ती माझी चूक. काकांची कॉलर सोडा."

मामानं कॉलर सोडली. तो टेम्पोपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. आता सगळ्यांचे डोळे कुमारच्या आईवर होते. ती विधवा बाई, कमी बोलणारी. ती उठून सिताबाईपुढं आली.

"इहीनबाई, लपवलं कशाला?"

सिताबाईला रडू फुटलं. "पोरीचं मोडंल म्हून भ्याले."

"आन् आमच्या घरात रोज टीव्ही लागतो, लाईट लपकती, पोरं मोबाईल चमकवत्यात. मला ठावंच नसतं तर पोरगी माझ्या हातात पडली असती. मी काय केलं असतं?" तिच्या आवाजात राग होता, तो तिनं लपवलाही नाही. मग ती मोनिकाशेजारी बसली, अंतरपाट तिच्या तोंडावरून बाजूला केला आणि घाम पुसायला लागली. "गोळी घेतली का आज?"

"घेतली," मोनिका म्हणाली.

"उद्यापास्नं मला दाखवून घ्यायची."

लग्न लागलेलंच होतं. हार घातले गेले, सप्तपदी झाली, जेवणावळी बसल्या. इतक्यात नव्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि दुसरी बॅटरी मुरुमला चार्जिंगलाच राहिल्याचं शंभुलिंगला आठवलं. त्यानं जाड कडी उतरवून पातळ कडी चढवली, लेन्स पिशवीतल्या जुन्या डिजिटलला लावली आणि मांडवाच्या खांबाला पाठ टेकेपर्यंत मागं सरून अंदाजानं बटण दाबत राहिला. कुमारनं आणून दिलेलं ताट त्यानं उभ्यानंच खाल्लं. रणधीर मामा त्याच्या ताटात जिलेबी टाकून गेला. वरात निघाली ती नुसत्या हलगीवर.

घरी आल्यावर दोन दिवस तो खरंच झोपून राहिला. मग फोटो बघायला बसला. जुन्या डिजिटलवरचे बहुतेक सगळे वाया गेले होते. नव्या कॅमेऱ्यावरचेही निम्म्याहून जास्त सुटले होते. कुठं मुंडावळी धारदार आणि चेहरा धुरकट, कुठं भटजींचा कान. शंभुलिंगनं मोनिकाला फोन करून खरं ते सांगितलं. "थोडेच निघालेत पोरी. अल्बम बारीक होईल."

पावसाळ्याच्या तोंडाशी मोनिका आणि कुमार अल्बम न्यायला घरी आले. मोनिका बाकड्यावर बसून पानं उलटत होती. अक्षता पडतानाच्या पानावर ती बराच वेळ थांबली. दिवे लागायच्या आधीचा फोटो होता तो, ती सरळ कुमारकडं बघत असलेली.

"काका," ती म्हणाली, "माझ्या सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले असतेत. न्हाईतर मान वळलेली. शाळेतले, बारशातले, सगळे. कसे दिसतेत ते मलाच ठावं नव्हतं."

कुमारनं वाकून बघितलं. "मला ठावं होतं," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

शंभुलिंग हसला. डोळे चोळत त्यानं गिरिजाबाईला चहा टाकायला सांगितलं आणि पाहुण्यांसाठी पंखा मोठा केला.