उत्तर नसलेलं शोधसूत्र

मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो, पण माझं नाव गाजलं ते भरारी पथकामुळे. पोरं बाहीत, बुटात, पट्टीच्या मागं कॉपी लपवायची आणि मी नुसता चेहरा पाहून ओळखायचो. नोकरी संपली तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. आमची ही म्हणते, तुम्ही देवळातल्या पुजाऱ्याकडेही झडती घेतल्यासारखं बघता. बघतोच मुळी.

यंदा त्या नजरेत प्रेमानंद आला.

प्रेमानंद माझा जुना मित्र. इथंच बुलढाण्यात एका सरकारी कचेरीत होता. रविवारच्या पुरवणीत एक वाकडं शब्दकोडं येतं, त्याचं आम्हा दोघांना व्यसन. 'आजोबा गप्प बसले तरी आत हिरवळ' असं शोधसूत्र असलं, तर 'आजोबा गप्प' या शब्दांच्या पोटातून 'बाग' काढायची. हे तर बालवाडीचं झालं. कधी शोधसूत्रांना क्रमांकच नसतात, कुठलं उत्तर कुठं बसतं ते आपणच हुडकायचं. कधी प्रत्येक उत्तरातलं एक अक्षर गाळून लिहायचं, आणि कोणतं ते कुणी सांगत नाही. आम्ही आपापल्या घरी सोडवायचो आणि शनिवारी वाचनालयासमोरच्या चहाच्या टपरीवर कागद पुढ्यात ठेवायचो. अर्धं सुटलं तरी छाती फुगायची.

दिवाळीनंतर मात्र प्रेमानंदचा कागद पूर्ण भरलेला यायला लागला. दर आठवड्याला. निळ्या पेनानं, एकही खाडाखोड नाही.

आता सांगा, विचार करणाऱ्या माणसाच्या कागदावर खाडाखोड नसते? मी आयुष्यभर पेपर पाहिलेत. स्वच्छ कागद म्हणजे उतरवलेला कागद. त्यात नाशिकच्या मुलीनं, धम्मशीलानं, त्याला नवा फोन दिलेला. मी टपरीवर पोचलो की तो फोन घाईघाईनं खिशात जायचा. "कसं सुटलं बे?" विचारलं की म्हणायचा, "बसलो जरा वेळ." नजरेला नजर देत नव्हता. हल्ली फोनला काहीही विचारा, उत्तर देतो म्हणतात. माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. टपरीवरचा चहासुद्धा गोड लागेना.

मग मी सापळा लावला. स्वतः एक कोडं रचलं आणि त्यात एक आडवं शोधसूत्र असं घातलं, की ज्याला उत्तरच नाही: 'नदी उलटी वळली की पाटलाची झोप मोडते'. वाचायला भारदस्त, आत काही नाही. उभ्या शब्दांतून तिथं येणाऱ्या अक्षरांचा कुठलाही शब्द होत नाही, याची शब्दकोश उलथून खात्री केली. प्रामाणिक माणूस ते चौकोन मोकळे सोडेल. फोन मात्र 'मला येत नाही' असं म्हणायचा नाही, काहीतरी ठोकून देईल. "नागपूरच्या ओळखीच्या माणसानं रचलं, पाह्य जमते का," म्हणून कागद प्रेमानंदला दिला.

त्यानंतरच्या शनिवारी तो आला नाही. फोनही उचलला नाही. सापडला, मी मनात म्हटलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. पुढच्या शनिवारीही आला नाही, तेव्हा त्याच्या घरी गेलो.

त्याच्या बायकोनं, जनकाबाईंनी दार उघडलं. "या भाऊजी," एवढंच म्हणाल्या. बैठकीत बॅगा भरून ठेवल्या होत्या. प्रेमानंद टेबलाशी बसलेला, दाढी वाढलेली. समोर माझं कोडं आणि भोवती पेन्सिलीनं खरडलेले, खोडलेले कागदच कागद. कोडं सगळं बरोबर सुटलं होतं. तेवढं एक उत्तर मोकळं होतं.

"नाही जमलं, शेषराव," तो म्हणाला. "जेवणखाण सोडून बसलो, तरी नाही जमलं."

"अबे, एका शब्दापायी बॅगा भरल्या?"

"दिवाळीत बाजारातून येताना मले घरचा रस्ताच आठवला नाही. डॉक्टर म्हणे, विसरण्याची सुरुवात असू शकते. धम्मशीला म्हणे, नाशिकले चला. म्या म्हटलं, जोवर कोडं पुरं सुटते तोवर इथंच राहीन. कुठंही गेलो की तिले फोनवर कळवा लागते, पोचलो म्हून. हप्ताभर पेन्सिलीनं खपतो अन् मंग पेनानं उतरून आणतो, तुले कळू नये म्हून." त्यानं मोकळ्या चौकोनांवर बोट ठेवलं. "आता हे नाही सुटलं. उद्या धम्मशीला गाडी घेऊन येते."

"अरे, त्याले उत्तरच नाही! मीच रचलं ते."

तो कसनुसा हसला. "दया नको करू माह्यावर."

"खरंच नाही बे!"

"बिनउत्तराचं कोडं कोण बनवते? अन् काऊन?"

कारण सांगितल्याशिवाय त्याला पटणार नव्हतं, आणि ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. जनकाबाई दाराशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. गप्प बसलो असतो तर मैत्री टिकली असती, पण तो मात्र स्वतःला वेडा समजत नाशिकला गेला असता.

"तुले पकडाले," मी म्हणालो. "मले वाटलं, तू फोनातून चोरतो."

असलं कारण कुणी दयेपोटी सांगत नाही, हे त्याला कळलं. त्यानं मुलीला फोन लावला. "धम्मे, गाडी नको आणू. डोकं जागेवर हाय माह्यं. हाव, खरंच!" बोलता बोलता त्याचा आवाज इतका मोकळा झाला, की जनकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी खुर्ची ओढून बसायला गेलो.

त्यानं फोन खाली ठेवला. "कचेरीत जिंदगीभर लोक आडनाव पाहून माह्याकडं असंच पाह्यत आले, शेषराव. काम बरोबर झालं की इचारत, कोणाकून करून आणलं म्हून. तू तसा पाह्यत नाही, असं वाटत होतं मले."

ओढलेली खुर्ची मी परत टेबलाखाली सरकवली.

"जाय तू आता," तो म्हणाला, आणि उठून जनकाबाईंबरोबर बॅगा आत न्यायला लागला.