मध्यस्थानाची खुर्ची

नील-हरित जीवाणूंच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या त्या संस्थेत थोरली बहीण संचालिका होती आणि धाकटा भाऊ कारकून. प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनसंकुलावर ताईंची श्रद्धा अगाध. ज्या रचनेचा गाभा अब्जावधी वर्षांत फारसा बदलला नाही, तिच्यापुढे मानवी नियमावलीची मातब्बरी ती काय, असे त्या म्हणत. अखेरीस त्यांनी कार्यालयच त्या संकुलाप्रमाणे मांडले.

लिपिक पंख्यासारखे अर्धवर्तुळात बसले. तो प्रकाशझेला, म्हणजे संकुलाचा उजेड झेलून आत पोहोचवणारा भाग. दाराशी आलेली फाइल हातोहात आत सरके आणि मध्यस्थानाच्या खुर्चीपाशी स्वाक्षरी पावे. त्या खुर्चीवर धाकटा विराजमान होता. ही कायम नेमणूक मिळावी म्हणून त्याने अर्धे आयुष्य उंबरठे झिजवले होते.

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला, की मध्यस्थानी बसणारा दर अर्ध्या तासाने बदलावा.

"ताई, हे काय गं?"

"तिथलं मधलं प्रथिन प्रखर उजेडात करपतं. अर्ध्या तासात जीवाणू ते काढून तसंच नवं बसवतात."

"मी कुठे करपलोय?"

"आरशात बघ."

बदली उमेदवार डबा घेऊन दाराशी उभाच होता.

"आणि करपू नये म्हणून काही करत नाहीत का ते?"

ताई शास्त्राशी प्रामाणिक होत्या. "एक केशरी प्रथिन असतं. उजेड फार झाला की ते झेल्याला बिलगतं, जास्तीचा उजेड ऊब करून घालवतं. मग मधल्याला झळ लागत नाही."

संस्थेत केशरी स्वेटर एकच होता, ग्रंथपालबाईंचा. धाकट्याने छताचे सगळे दिवे लावले आणि बाईंना लिपिकांच्या मधोमध बसवले. फाइल हाती आली की बाई विचारीत, "मुलगी झोपते का आता नीट?" लिपिक फाइल मांडीवर ठेवून सविस्तर सांगू लागे. कामाच्या जागी गप्पा आल्या, गप्पांची ऊब झाली, आत एकही कागद पोहोचेना. ताई कृतार्थ झाल्या. मधल्याला झळच नाही, म्हणून आदेश स्थगित झाला.

खुर्ची वाचली. मात्र पुढचे काही दिवस धाकटा रिकाम्या टेबलाकडे पाहत बसला.

"ताई, एखादी फाइल पाठव की. बारकीशी."

"उजेड मंद झाल्याशिवाय केशरी सुटत नाही. दिवे मालव."

दिव्यांची बटणे दाराजवळ होती. धाकटा उठला, चालत गेला, दिवे मालवले. ग्रंथपालबाई उठून आपल्या पुस्तकांकडे गेल्या, स्थगिती संपली, फायली सळसळत आत निघाल्या. उमेदवार शांतपणे मध्यस्थानी जाऊन बसला. स्थान रिक्त ठेवू नये, हा त्या संकुलाचा धर्मच होता.

"अहो, ती माझी जागा आहे."

"तुम्ही करपलात," उमेदवार स्वाक्षरी करीत म्हणाला. "नाहीतर उठलात कशाला?"

धाकट्याने ताईंकडे पाहिले. ताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले, त्याची कॉलर नीट केली.

"तसंच नवं लागतं," त्या म्हणाल्या. "तसा तर तू आहेसच."

धाकट्याने दाराशी राहिलेला उमेदवाराचा डबा उचलला आणि त्याच्या जागी ताठ उभा राहिला. अर्धा तास भरला की खुर्चीची पाळी पुन्हा त्याचीच होती.